गडदाकडून फिक्याकडे

पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात दोन वर्षं काढा. अंगावरचे रंग रॉकेलने निघतात, किस्से निघत नाहीत! बी.ए. झाल्यावर मी पांढुर्ण्यात वामनकाका पेंटरांकडे लागले, ती फक्त अक्षरं भरायला. शेड, म्हणजे गडद रंग हळूहळू फिका करत नेणं, काकाच मारायचे. मला तीच मारायची होती. पण मागे सायकलची घंटी वाजली तरी माझा ब्रश उडायचा. काका म्हणायचे, "रंजू, शेडचं काम ओल्यात असते. तू दचकली का शेड मेली!"

*

तिगावचे एक किराणावाले पाटी न्यायला आले. वर लालभडक, खाली येता येता गुलाबी, शेवटी पांढरी. काका एकदम खूश! किराणावाल्यांनी पाटी उलटसुलट पाहिली अन् हळूच मला विचारलं, "बाई, रंग मधातच सरला काय?"

*

सौंसरच्या व्यापाऱ्यांना काकांनी पाटीवर मोठं संत्रं काढून दिलं. खाली केशरी, देठाकडे हिरवं. व्यापारी भडकले. "माझा माल कच्चा आहे म्हणून सांगून राहिले काय गावाले?"

काकांनी निमूट सगळं केशरी केलं. आठ दिवसांनी व्यापारी परत हजर.

"थोडकं हिरवं येऊ द्या, पेंटरबुवा. लोक विचारून राहिले, टमाटर कधीपासून विकता?"

*

जाम नदीच्या पुलाजवळ एक हॉटेल निघालं. भागीदार दोन, एक पांढुर्ण्याचा, एक सावरगावचा. पाटीवर आडवी शेड ठरली.

"गडद बाजू आमच्या सावरगावाकडे!"

"अन् आम्ही काय फिके आहो?" पांढुर्णावाले उठलेच.

अन् गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून या दोन गावांची दरवर्षीची दगडफेक, आठ दिवसांवर! मी आपली डब्यांमागे सरकले. काकांनी दोन्ही टोकं गडद केली, मधात फिकी. म्हणाले, "घ्या! फिका नदीत सोडला."

*

अन् बोरगावच्या बुद्धविहाराची ती भिंत! मूर्तीमागे आकाश हवं होतं, वर गर्द निळं, खाली पांढरं. नेमका काकांचा हात मुरगळलेला. "तूच मार. पण दोन रंगांचा सांधा दिसला तर पुन्हा शेडचं नाव काढायचं नाही," असं बजावून ते बाहेर बसले.

मी ब्रश टेकवला. दारातून कोणीतरी, "जयभीम, ताई!" निळा ओघळ थेट खाली! पुसला, पुन्हा टेकवला. "जयभीम!" पुन्हा ओघळ! मला रडूच यायला लागलं.

शेवटी विहार झाडणाऱ्या आजी दारात बसल्या. येईल त्याला दटावायच्या, "मनातल्या मनात जयभीम कर, बापा. पोरगी आभाळ करून राहिली!" दुपारपर्यंत निम्मं बोरगाव हात जोडून, नुसते ओठ हलवत उभं!

काम झालं. काका आत आले, भिंतीजवळ जाऊन सांधा शोधायला लागले. मग म्हणाले, "आजी, निळा कुठं सरला, बोटानं दाखवा बरं. टेकवू नका, ओलं आहे."

आजींचं बोट वरून निघालं. हवेतच खाली आलं, थबकलं, पुन्हा निघालं. भिंत संपली, तरी बोट थांबेना. ते वळलं, माझ्याकडे आलं अन् माझ्या निळ्या हनुवटीवर टेकलं.

"इथं!"