फेर्टिश

हॅनोव्हरमध्ये विद्यापीठापासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत ज्या तत्त्वज्ञाचं नाव आहे, तो मला आपलासा वाटायचा. तीनशे वर्षांपूर्वी त्याने आकडेमोडीचं यंत्र बनवलं होतं, आणि मीही यंत्रंच बनवत होतो. होऊ शकणाऱ्या सगळ्या जगांतलं सर्वांत चांगलं जग देवाने आपल्याला दिलंय, असं तो म्हणायचा. बायकोने पुण्याला परत जायचा विषय काढला, की मी हे तिला ऐकवायचो.

"त्या देवाला म्हणावं, नोव्हेंबरात इथे राहून दाखव," ती म्हणायची.

जायचं तर होतंच. फक्त हातातला प्रोजेक्ट संपू दे. हे मी तिसऱ्या वर्षी सांगत होतो. तिची आई तिकडे एकटी. कॉलिंग कार्डातली मिनिटं संपेपर्यंत दोघी रडायच्या. मला घरात बसवत नसे, आणि ऑफिसात तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नसे.

एका रविवारी त्या तत्त्वज्ञाची कबर बघायला जायचं ठरलं. मी बूट घालून दारात येरझारा घालत होतो.

"झालं का गं?"

तिने कोट चढवला आणि जर्मनच्या क्लासातला शब्द वापरला. "अहो, मी फेर्टिश आहे."

फेर्टिश म्हणजे तयार. आम्ही निघालो.

चर्चमध्ये मी तिला त्याची गोष्ट सांगितली. त्याचा मालक राजा होऊन लंडनला गेला. यालाही जायचं होतं, पण हुकूम आला, आधी आमच्या घराण्याचा इतिहास पुरा कर.

"मग? झाला पुरा?"

"छे! लिहिता लिहिता इथेच गेला."

मी हसत सांगितलं. ती हसली नाही.

"सकाळी मी काय म्हणाले?"

"तयार आहे म्हणालीस."

"त्या शब्दाचा दुसरा अर्थही शिकवलाय आम्हाला. संपले. माझ्यात आता काही उरलं नाहीये, अहो. शनिवारचं तिकीट काढलंय मी."



सोमवारी साहेबाच्या खोलीत शिरलो. राजीनाम्याची वाक्यं रात्रभर जुळवली होती, पण तोंडातून बायकोचं तेवढंच वाक्य जर्मनमध्ये निघालं, "इश बिन फेर्टिश."

"प्रीमा!" साहेब खूश झाला, आणि पुढच्या प्रोजेक्टची फाइल त्याने माझ्यापुढे सरकवली.

लाज वाटली, तरी मी ती घेतली. शनिवारी बायकोला विमानतळावर सोडलं, तेव्हा ती फाइल माझ्या काखेत होती.