बिल्ला क्रमांक तेवीस

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, तिसरा रविवार, सकाळी साडेनऊ. चर्चमध्ये सतरा सभासद, एक पाळक आणि दाराशी उभा मी – एकूण एकोणीस माणसं. वाटलेले बिल्ले सतरा. परत आलेले अठरा.

हा आकडा मी तीनदा तपासला, म्हणूनच लिहायला बसलो आहे. सौसरच्या शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवतो. घरात देवपूजा आहे, पण भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून जातो... आजही जाईन.

आमचं गाव मोहगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे स्कॉटलंडच्या मिशनवाल्यांनी बांधलेलं एक लहानसं प्रेस्बिटेरियन चर्च आहे, माझ्या घराला लागूनच. आठ बाकं, कौलाचं छप्पर. रजिस्टरं सांगतात की एकेकाळी पोराबाळांसकट शंभरावर माणसं यायची. पोरं नागपूरला गेली, म्हातारे उरले. पाळक महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून येतात. चर्चचा इतिहास छापायचं त्यांनी ठरवलं आणि जुनी रजिस्टरं माझ्याकडे दिली. मी हिंदू, पण मला जुनं अक्षर लागतं आणि माझी बेरीज चुकत नाही, एवढा गावाचा विश्वास.

त्या रजिस्टरांत बिल्ल्यांची पद्धत सापडली. प्रभुभोजनाच्या आधी मंडळीचे पंच घरोघरी जाऊन चौकशी करायचे. ज्याचं वागणं नीट, त्याला नंबर ठोकलेला शिशाचा बिल्ला. बिल्ला असेल तरच भाकर आणि द्राक्षरस मिळायचा. नसेल त्याने शेवटच्या बाकावर बसून नुसतं बघायचं.

एका पानावर होतं – 'क्र. २३, रोखला. आजारी मुलीला जामसांवलीला नेले.' पुढे दरवर्षी 'रोखला', 'रोखला'... बावीस वर्षं. मग 'मयत'.

ती मुलगी म्हणजे माझ्या शेजारच्या मार्थामावशी. आज वय चौऱ्याऐंशी. सहा वर्षांच्या असताना ताप डोक्यात गेला, वाचा बसली. सगळे उपाय थकले तेव्हा बापाने खांद्यावर घालून जामसांवलीच्या देवळात हनुमानाच्या पायाशी नेलं. "मी बरी झाली अन् तो बाहेर झाला," एवढंच त्या सांगायच्या. पुस्तिकेतल्या सभासदांच्या यादीत बापाचं नाव यावं, ही त्यांची एकच मागणी होती.

मी नाही म्हटलं. शेवटपर्यंत ज्याचा बिल्ला चालू तोच सभासद, असा नियम मी यादीला लावला होता. एकाला सूट दिली तर यादीला अर्थ काय?

"गणिताचा मास्तर ना रे तू," त्या म्हणाल्या. "तुले एक मिळवता येत नाही?"

मी हसलो, आणि यादी पांढुर्ण्याला छापायला दिली.

पुस्तिकेच्या निमित्ताने जुने बिल्ले एकदा वापरायचे, ही पाळकांची कल्पना. रजिस्टरप्रमाणे बिल्ले चाळीस, डब्यात निघाले बत्तीस. शनिवारी मी सगळे नंबर उतरवून घेतले. तेवीस त्यांत नव्हता. रविवारी दाराशी उभा राहून प्रत्येकाच्या हातात बिल्ला मीच दिला. शेवटचा बाक माझ्यापासून हातभर अंतरावर होता, रिकामा. उपासना संपेपर्यंत मी दारातून हललो नाही.

पाळक ताट घेऊन बाकाबाकाने आले. बिल्ला ताटात पडायचा, भाकरीचा तुकडा हातात जायचा, मग पेला. शेवटच्या बाकाशीही ते वाकले. मला वाटलं, पाठ धरली असेल.

नंतर ताट मोजलं. अठरा. त्यांत तेवीस नंबर होता. पेले भरले होते चोवीस. पाळकांचा धरून अठरा रिकामे व्हायला हवे होते. झाले एकोणीस.

शेवटच्या बाकावर कोणाला दिलं, असं मी पाळकांना विचारलं. म्हणाले, कोणीतरी म्हातारे होते, हात फार थरथरत होते. चेहरा? देताना ते चेहरा बघत नाहीत, ओंजळ बघतात. बाक रिकामा होता, असं मी सांगितलं, तेव्हा ते खाली बसले.

माझा पहिला संशय मार्थामावशींवर... त्यांनी घरून आणला असेल. पण त्या पहिल्या बाकावर होत्या, आणि मी दिलेला आठ नंबर ताटात होता. शिवाय रोखलेला बिल्ला पंचांकडेच राहायचा, घरी जायचाच नाही.

दुपारी बिल्ला घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाटलं, खूश होतील. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"म्हंजे तो अजून तिथंच बसून आहे?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मी समजून राहिली होती का सुटला म्हणून."

मी बिल्ला परत खिशात घातला.

तेव्हापासून मावशी शेवटच्या बाकावर बसतात, शेजारी एका माणसाची जागा सोडून. पाळक तिथवर येतात तेव्हा आता मान वर करून बघतात. अजून कोणी दिसलेलं नाही. तो बिल्ला कुठून आला, मला माहीत नाही. कोणी शहाण्याने सांगितलं तर मी ऐकेन, पण आधी माझे आकडे तपासा.

यादीचं पान मात्र बदललं. दोनशे प्रती, एक पान नव्याने – सहाशे चाळीस रुपये. पाळक ते मंडळीच्या पैशांतून देणार होते, मी देऊ दिले नाहीत. पांढुर्ण्याच्या छापखानेवाल्याला मी माझ्या खिशातून दिले. नियम माझा होता.