घड्याळजींची टणक गाडी

आमच्या गल्लीतल्या घड्याळजींनी हौसेने विजेवर चालणारी उंच गाडी घेतली. तिचा आवाज अजिबात नव्हता, पण खड्डा आला की आत बसणाऱ्याचे दात वाजायचे. आठवड्याभरात काकूंची कंबर धरली.

"गाडी तरी बदला, नाहीतर बायको तरी," त्या म्हणाल्या.

दोघं शोरूमकडे निघाले. मागच्या सीटवर दुरुस्तीला आलेलं, कशालाच दाद न देणारं एक भिंतीवरचं घड्याळ होतं. गतिरोधकावर गाडी आदळली आणि ते चक्क टिकटिकायला लागलं! शोरूमला पोचल्यावर घड्याळजींनी ते बरोबरच घेतलं.

शोरूमवाल्याने दुसऱ्या, मऊ गाडीतून दोघांना फिरवून आणलं. गाडी लोण्यासारखी चालली. काकूंना गाढ झोप लागली. घड्याळजींच्या मांडीवरचं घड्याळही बंद पडलं.

"ही नको," घड्याळजी म्हणाले.

"का हो? काही त्रास झाला का?" शोरूमवाल्याने विचारलं.

"झाला नाही, तीच तर अडचण आहे."

आता काकू सगळीकडे बसने जातात. घड्याळजी त्याच टणक गाडीत गाडीभर बंद घड्याळं घेऊन बसच्या मागोमाग असतात आणि प्रत्येक थांब्यावर काच खाली करून विचारतात, "अगं, जागा मिळाली ना?"

काकू खिडकी लावून घेतात. शेजारची बाई विचारते, "कोण हो ते?"

"आहेत एक ओळखीचे," काकू म्हणतात.