पन्नी खिशात टाक!

गडचांदुरात कोणालाही विचारा, साबिराबाई कोण? तो सांगेल, "ते लिफ्टवाली? तिनं कॉलेजच्या अध्यक्षाले तीन तास लिफ्टमंधी कोंडलं होतं ना! माफीनामा लिहून घेतला, मंग सोडलं." हे तीन तास चहाच्या टपरीवर चार झाले. बसस्टँडवर पोचेपर्यंत पाच, आणि अध्यक्ष गुणवंतराव बेशुद्ध. माझ्या आत्यानं सांगितलं तेव्हा तर बाहेर काढताना त्यांचे केस पांढरे झालेले होते. गुणवंतरावांना मुळात केस नाहीत.

खरं असं आहे की तीन तास नाही, अकरा मिनिटं. माफीनामा नाही, फक्त एक प्रश्न. आणि कोंडलं साबिराबाईनं नाही, त्यांचं त्यांनीच कोंडून घेतलं. मी बाहेर उभी होते. पण ती अकरा मिनिटं सांगायची तर आधी लिफ्ट कशी आली ते सांगावं लागेल.

साबिराबाई म्हणजे बाबूभाई शटरवाल्यांची मोठी मुलगी. बाबूभाईंचं दुकान मेन रोडवर. दुकानांची शटर, पिठाच्या चक्कीच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, जे फिरतं ते सगळं त्यांच्याकडे. साबिराबाई तिथंच ग्रीस खात मोठी झाली. गावात पहिली लिफ्ट एका दवाखान्यात बसली, ती महिन्याभरात बंद पडली, आणि कंपनीचा मिस्त्री यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस दवाखान्यातले लोक पेशंटला खाटेसकट जिन्यावरून नेत होते. साबिराबाई तेव्हा वीस वर्षांची. मिस्त्री आला तेव्हा ती त्याच्यामागे वर गेली आणि तो काय करतो ते पाहत बसली. मिस्त्री म्हणाला, "बेटी, ये तुम्हारे बस का नहीं." बाई म्हणाली, "तुमच्या बसचं असतं त नऊ दिवस लागले असते काय?" मग आयटीआय, मग चंद्रपुरात एका कंपनीत सहा वर्षं हाताखाली. आता ती पंचेचाळीसची आहे आणि आसपासच्या सात लिफ्ट तिच्याकडे आहेत.

कामावर आली की ओढणी कमरेला करकचून बांधते. मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं छोटं कुलूप लावते आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवते. मग काम. काम संपलं की लिफ्टच्या फरशीवर चहाचा भरलेला ग्लास ठेवते आणि खालून वर, वरून खाली जाते. चहा हिंदकळून सांडला तर परत काम सुरू. नाही सांडला तर पिऊन टाकते आणि रजिस्टरमध्ये सही करते. कंपनीच्या तपासणीच्या कागदावर चहाचा रकाना नाही, म्हणून तिनं पेनानं आखून घेतलाय.

आता कॉलेज. आमचं कॉलेज तीन मजली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्ही लॅब सगळ्यात वर. माझ्या वर्गातली खुशबू खुर्चीवर. चाकाच्या खुर्चीवर, म्हणजे अध्यक्ष वगैरे नाही. अकरावीत तिचे बाबा, श्रीहरीभाऊ, तिला पाठीवर घेऊन वर चढायचे. मग कामावर बोऱ्या उचलताना त्यांच्या पाठीत भरलं. पोरं म्हणाली, आम्ही चौघं उचलतो. खुशबू म्हणाली, "मी काय सिलिंडर आहो?"

तेवढ्यात सरकारचं पत्र आलं की इमारत सगळ्यांना वापरता आली पाहिजे. गुणवंतरावांनी मीटिंग बोलावली; खुशबूही होती, आणि तिची खुर्ची ढकलत मी. ते बोलायला उभे राहिले की सुरुवात "असं आहे" पासून आणि शेवट "समजलं का नाई समजलं?" वर. मधलं काय असतं ते कोणाला आठवत नाही.

"असं आहे," गुणवंतराव म्हणाले, "आपण सरकता जिना बसवू. नागपूरच्या मॉलमंधी पाह्यला मी. माणूस उभा, जिना चालते. आपल्या जिल्ह्यात कोणत्याच कॉलेजात नाई. समजलं का नाई समजलं?"

सगळ्यांना समजलं. साबिराबाईला सल्ल्यासाठी बोलावलं होतं, तिलाच समजलं नाही.

"रावसाहेब, लाईट गेली त जिना चालल काय?"

"नाई चालला त लोक चढतीन. जिनाच हाये ना तो."

"अन् खुशबूची खुर्ची?"

गुणवंतरावांनी खुशबूकडे असं पाहिलं जसं काही ती आत्ताच फरशीतून उगवली. "तिले... कोणी तरी धरल ना बाई."

"सरकत्या जिन्यावर खुर्ची चढवत नसते, साहेब. पाटीच लिहून असते तिथी. अन् आपल्या गावच्या सिमेंट फॅक्टरीची धूळ पाह्यली काय? सकाळी पुसलेल्या स्कूटरवर दुपारी नाव लिहिता येते. त्या जिन्याच्या साखळीत सहा महिन्यात सिमेंटचे लाडू बनतीन. मंग तुम्ही मले बोलावसान, अन् मी लाडू मोजत बसीन."

मग लिफ्ट ठरली. पण गुणवंतराव हार मानणारा माणूस नाही. त्यांनी कॅटलॉगातली सगळ्यात छोटी लिफ्ट काढली. सहा माणसांची, आरसा नाही, दार अडीच फूट. साबिराबाईनं बॅगेतून टेप काढला, खडू मागितला आणि मीटिंगच्या खोलीत फरशीवर लिफ्टच्या मापाचा चौकोन आखला. "खुशबू, ये वं आत."

खुशबू आत गेली. मागची चाकं चौकोनाच्या मागच्या रेघेला टेकली, आणि दोन्ही पाय पुढच्या रेघेच्या बाहेर.

"दार लावू काय साहेब?" साबिराबाईनं विचारलं. "पाय बाहेर राह्यले त चालतीन काय?"

खोलीत पहिल्यांदाच कोणाला "समजलं का" विचारावं लागलं नाही. बाईनं दुसरा चौकोन आखला, लांब. दार तीन फूट. बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला येतील एवढी खाली. मागच्या भिंतीवर आरसा, कारण आत खुर्ची वळवता येत नाही, मागे पाहत उलटं निघावं लागतं. लाईट गेली की जवळच्या मजल्यावर जाऊन आपोआप दार उघडेल अशी बॅटरी. दिवाळीत लिफ्ट बसली. चहा सांडला नाही.

आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिची वाट लावली.

ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोटतात, तो खर्रा. कॉलेजच्या फाटकावर तंबाखूबंदीची पाटी आहे. पाटीच्या सावलीत उभं राहून लोक खातात. खर्रा तोंडात, पन्नी जमिनीवर, आणि लिफ्टमध्ये असाल तर पन्नी दाराच्या खालच्या खाचेत. दार त्या खाचेतून सरकतं. पन्नी अडकली की दार पूर्ण लागत नाही, आणि दार लागलं नाही की लिफ्ट हलत नाही. शिवाय सर लोक दारात पाय ठेवून गप्पा मारणार, पोरं दप्तर आडवं टाकून मित्राची वाट पाहणार. लिफ्टमध्ये कंपनीनं भरलेला एका बाईचा आवाज होता, रसगुल्ल्याच्या पाकातला: "कृपया दरवाज़ा बंद होने दें." मी तिची नक्कल करून उत्तर द्यायचे, "कृपया आप घर जाएँ." सगळे हसायचे. दार उघडंच.

लिफ्ट वर उघडी, खुशबू खाली बटण दाबत बसलेली. डिसेंबरपर्यंत तिची चार प्रॅक्टिकलं बुडाली. सरांनी सांगितलं, आणखी एक बुडालं तर जर्नलवर सही नाही, आणि सही नाही तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष गेलं. त्या दिवशी मी घरी जाऊन कोणाची नक्कल केली नाही. आईनं ताप पाहिला.

आता ती अकरा मिनिटं. डिसेंबरचा शेवटचा शनिवार, साबिराबाईची तपासणी संपलेली, ती शिपाई दादाजींजवळ बसून पास झालेला चहा पीत होती. गुणवंतराव एकटे लिफ्टमध्ये चढले. तोंड भरलेलं. दोन मजल्यांच्या मध्ये त्यांना पन्नी टाकायची आठवण झाली. फरशी नवी, म्हणून त्यांनी शहाणपणा केला. चालत्या लिफ्टचं दार बोटांनी दोन इंच फाकवलं आणि पन्नी बाहेर ढकलली. दार उघडलं की लिफ्ट थांबते, तशी थांबली. पन्नी बाहेर गेलीच नाही, खाचेत बसली, आणि दार परत लागेना.

आतून आवाज आला, "कोण हाये बे तिकडे? दरवाजा सोड! असं आहे, मी अध्यक्ष आहो! समजलं का नाई समजलं?"

साबिराबाईनं घाई केली नाही. स्विच बंद केला, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली, दादाजींना दाराशी उभं केलं, वर मोटारीच्या खोलीत गेली, ब्रेक सैल करून हातानं चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणली, ब्रेक परत लावला, खाली आली, दार उघडलं. हे सगळं क्रमानंच करावं लागतं, क्रम चुकला तर आतला माणूस जातो. अकरा मिनिटं लागली. आणि मग तिनं तो एकच प्रश्न विचारला.

"रावसाहेब, तोंडात काय हाये?"

"अम्म नाई," गुणवंतराव म्हणाले, आणि गिळलं.

त्यानंतर महिनाभर ते जिन्यानंच आले.

पण त्या अकरा मिनिटांतला त्यांचा आवाज माझ्या गळ्यात राहून गेला. सोमवारी चार पोरं लिफ्टच्या दारात दप्तर टाकून उभी होती. मी मागून ओरडले, "कोण हाये बे तिकडे? असं आहे, दरवाजा सोड!" पोरं अशी पळाली की एकाची चप्पल लिफ्टमध्येच वर गेली. खांबामागे साबिराबाई उभी होती. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"पोरी," ती म्हणाली, "तुह्या या फालतू धंद्याचा काही उपयोग करू काय?"

लिफ्टचा आवाज एका छोट्या कार्डात असतो. कार्ड काढायचं, दुसरा आवाज भरायचा, परत लावायचं. बाबूभाईंच्या दुकानाचं शटर आतून ओढून, कारण बाहेर ट्रकांचा आवाज, बाईनं माझ्यासमोर गव्हाचा रिकामा डबा धरला. डब्यात तोंड घातलं की माझा आवाज गुणवंतरावांइतका जाड होतो. "गाली नाई पाह्यजे," बाईनं बजावलं. मी लिहून आणलेलं वाचलं, शेवटी होतं, "खाली लेकरू थांबून आहे." खुशबू तिथंच होती.

"लेकरू कोण? बारावीत आहो मी."

"मंग बिचारी पोरगी म्हणू?"

"म्हणून त पाहाय."

शेवटी ठरलं ते असं: "असं आहे, कोण हाये बे दरवाज्यात? आत ये नाईतर बाहेर हो. पन्नी खिशात टाक. खाली माणूस थांबून आहे. समजलं का नाई समजलं?" दार वीस सेकंद अडलं की हे वाजणार.

जानेवारीत पहिल्यांदा वाजलं तेव्हा इंग्रजीच्या सरांनी लिफ्टला "यस सर" म्हटलं. खुशबूचं पुढचं एकही प्रॅक्टिकल बुडालं नाही. जर्नलवर सही झाली. राहिली बोर्डाची परीक्षा, आणि माझी भीती.

"बाई, गुणवंतराव कधी तरी लिफ्टमंधी चढतीनच ना? आपलाच आवाज ऐकतीन, मले काढतीन, तुमचं काम जाईन, कार्ड फेकून देतीन. मंग खुशबू परत खाली."

"नाई ओळखत."

"कसे नाई ओळखत? आत्यानं फोनवर ऐकूनच ओळखलं!"

"सगळे ओळखतीन. तो नाई ओळखत. लाव शर्त."

मी जिंकले तर ती मला मोटारीच्या खोलीत नेऊन ते चाक फिरवू देणार, जे ती कोणालाच शिवू देत नाही. हरले तर बारावी संपेपर्यंत रोज सकाळी तिन्ही मजल्यांच्या खाचा मी साफ करायच्या. टूथब्रशनं.

फेब्रुवारीत बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आले. म्हातारे, गुडघे धरून चालणारे. त्यांना जिना जमेना, म्हणून गुणवंतरावांना लिफ्टमध्ये चढावंच लागलं. वर पोचले. परीक्षक बाहेर आले, आणि गुणवंतराव एक पाय आत, एक बाहेर ठेवून त्यांना कॉलेजचा इतिहास सांगायला लागले. गालात खर्रा. अकरा वाजता लॅबचं दार बंद होणार होतं. दहा बावन्न झाले होते. जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं तर खुशबू खाली बटण दाबत होती. साबिराबाई माझ्या शेजारी चहाचा ग्लास घेऊन उभी, पलीकडे दादाजी.

वीस सेकंद झाले.

"असं आहे, कोण हाये बे दरवाज्यात?"

गुणवंतराव ताठ. मी दादाजींच्या मागे.

"आत ये नाईतर बाहेर हो. पन्नी खिशात टाक. खाली माणूस थांबून आहे. समजलं का नाई समजलं?"

गुणवंतरावांनी पाय काढला. हातातली पन्नी शाळकरी पोरासारखी खिशात टाकली. दार लागलं, लिफ्ट खाली निघाली. परीक्षक म्हणाले, "फारच कडक आहे हो तुमची लिफ्ट."

"असं आहे," गुणवंतराव छाती काढून म्हणाले, "शिस्तीसाठी मी खास बसवून घेतलं. गोड बोलून लोक ऐकत नाईत. समजलं का नाई समजलं?" मग साबिराबाईकडे वळून हळूच, "कोणाचा आवाज हाये हो बाई हा? कोणी जुना हेडमास्तर दिसते. पण आवाजात वजन हाये. बदलू नका."

"नाई बदलत साहेब," साबिराबाई म्हणाली.

दहा छप्पन्नला लिफ्ट वर आली. खुशबू आरशात पाहत उलटी बाहेर निघाली, माझ्याकडे पाहून भुवई उडवली आणि लॅबमध्ये गेली. साबिराबाईनं शांतपणे चहा संपवला आणि रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

आज सकाळी तळमजल्यावर तीन पन्न्या, पहिल्यावर एक, वर एकही नाही. टूथब्रश कॉलेज देत नाही. मी विचारलं होतं. बाई म्हणाली, "तुहाच आण."