बिनगंधकाच्या ओळी

गंगापूरच्या वाटेवर सरकारने प्रयोगासाठी द्राक्षबाग घेतली ते साल १९३३. तिथे कायमचा माळी हवा होता. लोकांनी लहानूचं नाव सांगितलं. त्याच्या घरात तीन पिढ्या शेवंती आणि भाजीपाला व्हायचा, आणि मान टाकलेलं रोपसुद्धा त्याच्या हाताखाली उभं राहतं, असं बाजारातल्या बायका म्हणायच्या.

बागेवर पुण्याहून जमील नावाचे तरुण साहेब आले होते. द्राक्षाला थंडीत भुरी लागायची. पानांवर, मण्यांवर राखेसारखा थर चढायचा आणि घडच्या घड तडकून जायचे. त्यावर गंधकाची भुकटी किती वेळा मारावी, हे शोधायचं काम होतं. पांगाऱ्यांच्या खुंटांवर चढवलेल्या वेलांच्या बारा ओळी. चार ओळींना तीनदा गंधक, चार ओळींना एकदा.

"आन् ह्या चार?" लहानूने विचारलं.

"ह्यांना काहीच नाही."

"म्हंजे मरू द्यायच्या?"

"मरू द्यायच्या नाहीत, लहानूभाऊ. बघायच्या."

लहानूला हे पटेना. बरं, हुकूम कोणाचा, तेही कळेना. त्याने एकदा सरळ विचारलंच, "साहेब, ह्या बागेचा मालक कोन?"

जमील हसले. "जमीन मुंबई सरकारची. देखरेख पुण्याच्या शेतकी खात्याची. खर्च दिल्लीचा. तिथे शेतकी संशोधनाची परिषद आहे. देशभरातून अर्ज जातात, कुणाचा उसासाठी, कुणाचा भातासाठी. तज्ज्ञ मंडळी ते वाचतात, काही ठेवतात, काही परत पाठवतात. आपला ठेवला. पाच वर्षांची मंजुरी आहे."

"पर दिल्लीत द्राक्षं व्हतात का?"

"तसं नाही हो."

"मंग त्यान्ला भुरी कशी कळली?"

घरी लहानूने हे सगळं बायकोला, कुसाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तीन मालक म्हंजे एकबी नाय. तुम्ही आपलं पानी द्या."

दुसऱ्या वर्षीच्या पौषात थंडी कडक पडली. बिनगंधकाच्या चार ओळी बघवेनात. लहानू सकाळी आला की आधी त्यांच्याकडेच जायचा. मण्यांवर बोट फिरवलं की बोट पांढरं व्हायचं. जमील चार दिवस पुण्याला गेले होते. कोठीत भुकटीचं पोतं उघडंच होतं. लहानूने फडक्यात गंधक बांधलं आणि चारही ओळी झाडून काढल्या. पुढच्या पंधरवड्यात साहेब गावात गेल्याचं बघून पुन्हा एकदा. मनावरचं ओझं उतरलं.

फाल्गुनात घड उतरवले. जमीलनी ओळीओळीचं वजन घेतलं, वही पुढेमागे चाळली, पुन्हा वजन घेतलं. मग डोक्याला हात लावून पांगाऱ्याखाली बसले.

"काय झालं, साहेब?"

"गंधक मारलेल्या आणि न मारलेल्या ओळी सारख्याच भरल्यात. म्हणजे गंधकाचा उपयोग नाही. दिल्लीचे तज्ज्ञ पुढच्या आठवड्यात पाहायला येतायत. त्यांना हेच सांगावं लागणार."

गंधकानेच तर वेल वाचले होते. मग वेल वाचले म्हणून गंधक खोटं कसं ठरलं? तो विचार करून दमला. पण आपल्या हातून काहीतरी उलटंपालटं झालंय, एवढं त्याला कळलं.

"साहेब, त्या ओळीन्ला बी गंधक हाय. मी मारलं."

जमीलनी वहीतून मान वर केली. "का?"

"डोळ्यांनी बघवंना."

जमीलनी त्याच्यादेखत त्या वर्षाच्या आकड्यांवर काट मारली आणि शेजारी कारण लिहिलं. "हे झाकलं असतं तर सगळे बागाईतदार फसले असते," एवढंच म्हणाले.

दिल्लीचे पाहुणे आले. त्यांनी वही पाहिली आणि लहानूला बोलावलं. आता नोकरी गेली, असं धरून तो हात जोडून उभा राहिला. पाहुणे इंग्रजीत काहीतरी बोलले.

"ते म्हणतात," जमीलनी सांगितलं, "ह्या चार ओळी पुढेही तुमच्याच ताब्यात राहतील."

ही शिक्षा की शाबासकी, लहानूला उमगेना. पुढचे तीन हिवाळे मात्र त्याने त्या ओळींना नुसतं पाणी घातलं. घड तडकायचे, तो मोजून सांगायचा. एकदा कुसाबाई भाकर घेऊन आली, तेव्हा तो त्या वेलांकडे पाठ करून जेवत होता.

निकाल चोख निघाला. तीनदा मारलेल्या ओळी भरघोस, बाकीच्या कमी, त्या चार अगदीच गेलेल्या. मराठीत पत्रक निघालं. आणि १९३८ साली पाच वर्षं भरली तशी योजना बंद झाली. जमीलची नेमणूक दुसरीकडे, ज्वारीच्या कामावर झाली.

"काम झालं म्हनून बंद, का मन भरलं म्हनून?" लहानूने विचारलं.

"मुदत संपली म्हणून," जमील म्हणाले.

लहानू पुन्हा शेवंती लावू लागला. थंडी पडली की आसपासचे बागाईतदार त्याच्याकडे यायचे. भुकटी केव्हा मारायची, वारं पडलं असताना कशी उडवायची, हे तो वेलापाशी उभं राहून दाखवायचा. कुणी विचारलं, हे कोणी शोधलं, तर तो पुणं, मुंबई, दिल्ली असं बोलता बोलता अडायचा आणि म्हणायचा, "ते राहू द्या. आधी खालची पानं बघा."