बाबांच्या गाडीचं वायरिंग

आमच्या घरातली कामांची वाटणी बाबांनी फार लवकर करून टाकली होती. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी ते जिन्याखालच्या अंधारात स्कूटर उघडून बसायचे. दादाच्या हातात पाना, माझ्या हातात टॉर्च. दादाचे कान मैदानातल्या क्रिकेटकडे. तो नट हमखास उलटा फिरवायचा आणि बाबा म्हणायचे, "असू दे, शिकशील हळूहळू." मग माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "टॉर्च नीट धर. हलवू नकोस."

मी वर्षानुवर्षं टॉर्च धरला. उजेड कुठे पाडायचा हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण टॉर्च नीट धरणाऱ्याला कुणी हुशार म्हणत नाही. पाना घसरला तर मात्र उजेड हललेला असायचा.

दादा पुढे इंजिनिअर झाला आणि मानेसरला एका कारखान्यात मॅनेजर म्हणून चिकटला. कारखान्यात काय बनतं, तर गाड्यांचं वायरिंग. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. रंगीबेरंगी वायरींचे जुडगे त्याच्या देखरेखीखाली रोज बाहेर पडतात, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचा फ्यूज उडाला की तो ड्रायव्हरला हाक मारतो. बाबांना मात्र चारचौघांत सांगायला ते पुरेसं होतं. "आमचा मुलगा वायरिंगमधला एक्सपर्ट आहे," असं ते मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणाला ना कुणाला सांगायचेच.

आई गेल्यानंतर आणि माझं लग्न मोडल्यानंतर मी नोएडाला बाबांच्या फ्लॅटवर राहायला आले. एका चॅनेलच्या ऑफिसात बातम्या तपासायची माझी नोकरी. बाबांकडे तेव्हा त्यांची जुनी पेट्रोलची गाडी होती. रिटायर झाल्यावर माणसाकडे जाण्यासारखी ठिकाणं उरत नाहीत, पण गाडी असली की निघता येतं. ते सकाळी निघायचे, भाजी आणायचे, नाहीतर आर. के. पुरमला जुन्या शेजाऱ्यांकडे चहा पिऊन यायचे.

त्या गाडीच्या मुळावर आले बेसमेंटमधले उंदीर. आमच्या सोसायटीतल्या उंदरांना वायरीचं प्लॅस्टिक गूळ-शेंगदाण्यांपेक्षा गोड लागतं. आधी हॉर्न गेला, मग एक हेडलाइट, मग गाडी वाटेल तिथे बंद पडायला लागली. मोठ्या वर्कशॉपमध्ये म्हणाले, सगळं वायरिंगच बदला. बाजारातल्या इलेक्ट्रिशियनने तुटलेली टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळली, ती पुढच्या उन्हात सुटली. एकदा भर दुपारी ओखल्याच्या पुलावर गाडी जी थांबली ती थांबलीच. मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि बाबा बॉनेट उघडून घामाघूम उभे. मी रिक्षा करून पोचले तेव्हा ते कठड्याला टेकून नदीकडे बघत होते. "जुनं झालं की असंच," एवढंच म्हणाले. ते गाडीबद्दल बोलत नव्हते हे मला तेव्हाच कळलं.

त्याच आठवड्यात मी पदर खोचला. दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "अगं, ते फार टेक्निकल असतं यार. एखादा चांगला माणूस बघून देतो." तो माणूस अजून यायचाय.

मी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून शिकले. पहिला धडा: बॅटरीची काळी वायर आधी सोडायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची. हा धडा मी ऐकला आणि उत्साहाच्या भरात विसरले. बॅटरी तशीच जोडलेली ठेवून हेडलाइटची वायर सोलायला गेले, ती पत्र्याला टेकली, चट्कन ठिणगी उडाली आणि बॉनेटमधून धूर निघाला. गार्ड वाळूची बादली घेऊन धावत आला. "मॅडम, मिस्त्री बुला लो," तो कळवळून म्हणाला. त्या दिवसापासून मी खाली उतरले की तो बादली आधीच जवळ आणून ठेवायचा.

पण मी चिकट आहे. वायर पिळून टेप लावायची नाही, टोकं धातूच्या नळीत घालून पकडीने दाबायची आणि वर गरम केल्यावर आवळून बसणारी रबरी नळी चढवायची, हे मी शिकले. दिवा लागत नसला की दर वेळी दिवाच गेलेला असतो असं नाही, बरेचदा बॉडीला जोडलेली अर्थची वायर गंजलेली असते, हेही शिकले. एक मल्टीमीटर आणला. त्याच्या दोन सुया वायरीच्या दोन टोकांना लावायच्या. वायर धड असली की तो बीप वाजतो. इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलेलं नव्हतं. सासरीही नाही, ऑफिसातही नाही. बीप वाजला की वायर चांगली, नाही वाजला की तुटलेली. रविवारचे रविवार मी त्या गाडीखाली पडून काढले आणि उंदरांनी खाल्लेलं सगळं वायरिंग नवं केलं.

बाबा वरून बाल्कनीतून बघायचे, खाली यायचे नाहीत. काम झालं त्या संध्याकाळी त्यांनी एकट्यानेच एक चक्कर मारली. परत आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "लाइट पहिल्यापेक्षा चांगला पडतोय." चाळिशी ओलांडलेली बाई मी, पण ते वाक्य घेऊन आठवडाभर फिरत होते.

मग खंडेनवमी आली. दिल्लीत या दिवसांत सगळ्यांना रावण जाळायची घाई असते, आमच्याकडे मात्र पाटावर हत्यारं मांडली जातात. आजोबांपासूनची रीत आहे: ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार पाटावर. बाबांची पक्कड, टेस्टर, दोन स्क्रूड्रायव्हर, आईची विळी. बाबांनी हळद-कुंकवाची वाटी घेतली, थांबले आणि मला म्हणाले, "तुझं ते बीप-बीप आण की." मल्टीमीटरच्या पिवळ्या पाठीवर त्यांनी कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी भाजी बघते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि रडले. खाली गाडीला हार घालताना त्यांनी शेजारच्या काकांना सांगितलं, "हमारी बिटिया ने पूरी वायरिंग खुद की है." मुलगा वायरिंगमधला एक्सपर्ट आहे, हे त्या वर्षी ते बोलले नाहीत.

माझं सुख तेवढ्यापुरतंच होतं.

त्या थंडीत बाबा एकदा दुपारी गाडी घेऊन गेले ते अंधार पडला तरी आले नाहीत. ते आर. के. पुरमला आमच्या जुन्या क्वार्टरच्या दारात उभे होते. बेल वाजवून, दार उघडणाऱ्या बाईला, तुम्ही माझ्या घरात काय करताय म्हणून विचारत होते. तिने बिचारीने त्यांना बसवून चहा दिला आणि त्यांच्या मोबाइलवरून मला फोन केला. वाटेत त्यांनी एका ई-रिक्षाला घासलं होतं. आतल्या शाळेच्या मुली थोडक्यात वाचल्या, हे मी पोचल्यावर मला गाडीच्या मागोमाग तिथवर आलेल्या रिक्षावाल्याने दारावरचा ओरखडा दाखवत सांगितलं. बाबांना पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं, यांनी आता गाडी चालवायची नाही.

दादा मानेसरहून आला, बाबांना समजावलं आणि किल्ली खिशात टाकून गेला. बाबांनी जेवण सोडलं. "मला वेडा ठरवताय?" एवढंच विचारायचे. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचे आणि सकाळी विसरायचे, किल्ली नेली हे मात्र विसरत नव्हते. शेवटी दादाने किल्ली परत आणून दिली आणि मला बाल्कनीत नेलं.

"तुला वायरिंग येतं ना? असं काहीतरी कर की गाडी स्टार्टच होणार नाही. किल्ली त्यांच्याकडे राहू दे, ते खूश, आपण टेन्शन-फ्री."

"आणि त्यांनी विचारलं, का होत नाही, तर?"

"सांग, जुनी झालीये. बिल्कुल सिंपल आहे."

उंटावरून शेळ्या हाकणं त्याला जन्मापासून जमतं. पण माझ्याकडेही दुसरा उपाय नव्हता. त्या शाळेच्या मुली माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

दिल्लीत गाड्या चोरीला जातात म्हणून लोक चोर-स्विच बसवून घेतात. पेट्रोलच्या पंपाला वीज नेणारी वायर तोडायची आणि मध्ये एक बटन लपवायचं. बटन बंद असलं की सेल्फ मारला तर इंजिन नुसतं घरघरतं, पकडत नाही. मी ते स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या आतल्या कडेला बसवलं. दोन्ही टोकं घट्ट दाबली, रबरी नळी चढवली, वायर जुन्या जुडग्यातून अशी नेली की कंपनीनेच दिलीये असं वाटावं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुबक काम ते.

दुसऱ्या सकाळी बाबा खाली गेले. गाडी घरघरली. पुन्हा घरघरली. ते वर येऊन म्हणाले, "जरा बघतेस का? तू बघितलंस की होईल."

मी मल्टीमीटर घेऊन खाली गेले आणि त्यांच्यासमोर ह्या वायरीला त्या वायरीला सुया लावल्या. बीप, बीप, बीप. सगळं धड होतं. "कळत नाहीये, बाबा," मी म्हणाले. हे मला किती दिवस करावं लागलं ते मी सांगत नाही. ते शांतपणे शेजारी उभे राहायचे. त्यांचा विश्वास होता ना.

मग तो हळूहळू उडाला. आणि जो काही उरला होता त्याची वाट दादाने लावली. एका रविवारी जेवताना बाबांनी गाडीचा विषय काढला, तर हा पठ्ठ्या वरणभात कालवता कालवता म्हणाला, "बाबा, मी तेव्हाच म्हणत होतो. हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायला हवं होतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते शेजारच्या काकांना सांगत होते, "बिटिया ने हाथ लगाया, तब से बैठ गई गाड़ी." मी तिथेच उभी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती इतकी घरातल्या घरात देता येते हे मला माहीत नव्हतं.

मी दादाला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. तो शांत होता. "अगं, कुणीतरी व्हिलन व्हायलाच लागणार ना? माझ्यावर रागावले तर माझं ऐकणार कोण? तू तर घरातच असतेस." मला त्याचा संताप येतो तो यासाठी की तो हे अगदी समजूतदारपणे बोलला.

यंदाच्या खंडेनवमीला दादा मिठाई आणि दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यासाठी आपट्याची पानं घेऊन आला. मी मल्टीमीटर पुसून पाटावर ठेवला होता. बाबांनी पक्कड मांडली, टेस्टर मांडला, विळी मांडली. मग मल्टीमीटर उचलला आणि टीव्हीशेजारी नेऊन ठेवला. "पूजा चालत्या हत्याराची करतात," ते म्हणाले. रागाने नाही, रीत सांगावी तसं. दादा मोबाइलमध्ये बघत राहिला.

सगळे खाली आलो. गाडीला हार घातला, नारळ फोडला. बाबांनी दार उघडलं, सेल्फ मारला, घरघर ऐकली आणि उतरून दादाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. "तू बघ जरा. तुझं रोजचं काम आहे हे."

दादाने माझ्याकडे बघितलं आणि नाइलाजाने गुडघे टेकून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बटन कुठे आहे हे त्याने कधी विचारलंही नव्हतं. बाबा त्याच्या खांद्यावरून आत वाकून बघू लागले. मग त्यांनी खिशातून टॉर्च काढला आणि मागे न बघता माझ्याकडे केला.

"नीट धर. हलवू नकोस."

दादा उगाच एकेका वायरीला हात लावत होता. बटन त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. टॉर्च जरासा डावीकडे कलला असता तर बाबांना ते दिसलं असतं. माझं वायरिंग बिनचूक होतं हे त्यांना कळलं असतं, आणि उद्या सकाळी ते गाडी घेऊन निघाले असते.

मी टॉर्च नीट धरला. उजेड बटनावर पडणार नाही, असा.