नववं प्रकरण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — म्हणजे हेही धैर्य नव्हेच. पण असो.

मी महाडात हायस्कुलात इंग्रजी आणि इतिहास शिकवतो. ‘सगळं वाचलेला माणूस’ अशी गावात माझी ख्याती आहे. ती मी पसरवली नाही. कुणी पसरवत असताना फक्त अडवली नाही. समारंभ, हारतुरे, ध्वनिक्षेपक यांची मला पहिल्यापासून चीड. कुणी छाती फुगवली की मी टाचणी घेऊन हजर. आता वाटतं — कायम टाचणी घेऊन फिरणं ही तरी दुसरी कसली छाती होती?

काही वर्षांपूर्वी, महायुद्ध संपून वीसेक वर्षं झाली तेव्हा, पोलादपुरात एका शाळेच्या दारात दगड बसवायचं ठरलं. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या आसपासच्या शिपायांची नावं त्यावर कोरायची होती. दगड दोन हात, मंडप चाळीस हात. समितीने नियम केला, की नाव फक्त युद्धात पडलेल्याचं. तापाने किंवा ट्रकमधून पडून गेलेल्याचं नाही. एका नावावर घोडं अडलं — गणू सकपाळ. लष्कराच्या पत्रात एवढंच होतं: परदेशात अपघाती मृत्यू. गणूचा चुलतभाऊ बाळाराम त्याच तुकडीत होता आणि जिवंत परतला होता. तो निराळं सांगत होता. खरं-खोटं ठरवायला समितीने मला बोलावलं. इतिहासाचा मास्तर ना मी!

बाळाराम उमरठच्या वरच्या वाडीतला. समितीपुढे तो उभा राहूनच बोलला. इटलीच्या दक्षिणेला बाँबफेकी विमानांचा तळ होता. हिवाळी पावसात धावपट्टीचा राडा झाला, वर अंथरलेल्या लोखंडी जाळ्या चिखलात रुतल्या. तेव्हा या डोंगरातल्या माणसांना कामाला लावलं.

“घरी भाताच्या खाचराला घालतो तसा बांध घातला, मास्तर. मोटा धोंडा खाली, पोटात बारक्या चिपा, पान्याला वाट ठेवायची. सायेब बगतच ऱ्हायला.”

मग एका दुपारी मोहिमेवरून परतलेलं विमान पोटात अडकलेल्या बाँबसकट उतरलं. तो फुटला तेव्हा गणू पट्टीवर दगड सारखे करत होता.

आता योगायोग बघा. नेमक्या त्याच तळाचा इतिहास, एका निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेला, आमच्या वाचनालयात कुणीतरी देणगी म्हणून टाकला होता आणि महिनाभर माझ्या टेबलावर होता. सुरुवात फार मजेची. मेंढ्या चरायचं माळरान, तिथे हुकूमशहाच्या सरकारने बांधलेला तळ, उद्घाटनाला बँड, फीत, आणि भाषण लांबल्यामुळे उन्हात चक्कर येऊन पडलेला एक शिपाई. मग जर्मन आले, मग दोस्तांचे बाँब पडले, मग बाँब टाकणारेच तळात राहायला आले. या सगळ्यात हिंदी माणसाचा उल्लेख नव्हता.

हे मी समितीला सांगितलं. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण समोर दहा-बारा माणसं होती, आणि माझ्या हातात टाचणी होती. मी म्हणालो, “आपल्या भाताच्या बांधावर विलायती विमानं उतरत होती, हे त्या इंग्रजाला मात्र कुणी कळवलेलं दिसत नाही.”

हशा पिकला. मागून एकजण ओरडला, “बाळाराम, औंदा तुज्या खाचरात इमान उतारलं तं भात कोन झोडनार रं?”

बाळाराम हसला नाही. माझ्याकडेच बघत म्हणाला, “पुस्तकात नाय म्हंजे आमी तितं नव्हतोच का, मास्तर?”

“मी पुस्तक वाचलंय, बाळाराम,” मी म्हणालो.

हेच ते. पुस्तकाची अकरा प्रकरणं होती. मी चार वाचली होती. पुढे तुकड्यांचे आकडे आणि तक्ते लागले, कंटाळा आला, पुस्तक मिटलं. ती चार मला इतकी चांगली सांगता येत होती, की बाकीची वाचल्यासारखीच वाटत होती.

गणूचं नाव गळलं.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, मी पुस्तक उघडलं. का? खरं कारण सांगतो — बाळारामचं ते बघणं डोळ्यांपुढून जात नव्हतं. नवव्या प्रकरणात दीड पान होतं. पश्चिम हिंदुस्थानातल्या डोंगराळ भागातले मजूर शिपाई. हातांनी रचलेले दगड, चुना नाही, सिमेंट नाही. त्यांनी केलेला पट्टीचा भाग शेवटपर्यंत कोरडा राहिला. खाली एक ओळ: अडकलेल्या बाँबच्या स्फोटात त्यांच्यातला एक ठार झाला, त्याचं नाव मिळू शकलं नाही.

नाव मला माहीत होतं.

मी दुपारच्या एसटीने पोलादपूरला गेलो. उद्घाटनाला आठ दिवस होते. पाथरवट शाळेच्या आवारात दगडापाशी बसला होता. सगळी नावं कोरून झाली होती आणि खाली चांगली वीतभर जागा मोकळी होती. तो म्हणाला, “आनखी हाय का कोन, मास्तर? आजच सांगा. उद्या मी खाली फुलं काडनार.”

मला एकच वाक्य बोलायचं होतं — पुस्तक मी पुरतं वाचलं नव्हतं. ते समितीला कळलं असतं, मग महाडला, मग वर्गातल्या पोरांना. एवढंच. नोकरी जाणार नव्हती, कुणी मारणार नव्हतं. हसले असते.

“नाही, कुणी नाही,” मी म्हणालो. त्याच्याबरोबर चहा घेतला आणि परत आलो.

उद्घाटनाला मला मंचावर खुर्ची होती. भाषणं संपल्यावर माणसं दगडापाशी गेली. बाळाराम गणूच्या आईला घेऊन आला होता, भागाकाकीला. तिला अक्षरओळख नव्हती. तिने विचारलं, “बाळा, आपला गनू कुटं हाय?” बाळारामला वाचता येत होतं. त्याने सगळी नावं वरपासून खालपर्यंत बघितली. मग तिचा हात धरला आणि दुसऱ्याच कुणाच्या नावावर टेकवला. “ह्यो, काकी.”

ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मी चार पावलांवर होतो.

भागाकाकी पुढे वारली. बाजाराला आली की ती त्याच नावापुढे फूल ठेवायची, म्हणतात. पुस्तक माझ्याकडेच आहे. ते मी वाचनालयाला परत केलं नाही. दुसऱ्या कुणी नवव्या प्रकरणापर्यंत जायला नको होतं.

बाळाराम अधूनमधून एसटी स्टँडवर भेटतो. रामराम करतो. मग विचारतो — टोमणा नसतो त्यात, खरंच विचारतो — “मास्तर, आता काय वाचताव?”

मी सांगतो.